गळ्यातल्या सात कवड्या

पडद्यावर एक धड होतं, डोकं नव्हतं. मोनालीनं सवयीनं मोजायला सुरुवात केली. गळ्यावर डोळे दोन, त्यांच्या अलीकडे-पलीकडे बसलेली माकडं दोन, दंडावर गायी दोन, खांद्याकडे चढणारा साप एक, कमरेशी कमळं दोन आणि ओळखता न येणारे डाग दोन. एकूण अकरा. व्याख्यान देणाऱ्या दीपमाला मॅडम म्हणाल्या की अंगावर सगळ्या मिळून तीसच्या आसपास खुणा आहेत. साध्या डोळ्यांना त्यातल्या थोड्याच दिसतात, बाकीच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं दिसल्या. बाई इजिप्तची, तीन हजार वर्षांपूर्वीची. विद्यापीठातल्या त्या लहानशा सभागृहात पंखे घरघरत होते, मागच्या रांगेत कुणीतरी पिशवीतून चिवडा खात होतं. एका मुलानं विचारलं, मॅडम, हिचं डोकं कुठाय? सगळे हसले. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, ते मिळालं नाही. मग त्यांनी सांगितलं की पूर्वी अशी गोंदलेली बाई सापडली की अभ्यासक तिला बेधडक नाचणारी, नाही तर कुणाची तरी ठेवलेली ठरवून मोकळे व्हायचे. एक बाई तर हाथोर देवीची पुजारीण निघाली, तरीही तिच्याबद्दल तेच बोललं गेलं. आता मत बदलतंय. ही गळ्यावर डोळे असलेली बाई देवीच्या सेवेतली असावी. तिनं गायलं, मंत्र म्हटले, की आवाज त्या खुणांमधून बाहेर येत असेल. गळाच देवीचा. 'गळाच देवीचा' हे शब्द मॅडमनी सावकाश उच्चारले, आणि मोनालीच्या तोंडात धातूची चव आली. लेझरच्या खोलीत केस जळल्यावर येते तशी.

तिला तिथं बोलावलं होतं ते कॅमेऱ्यासाठी. एम.एस्सी.च्या प्रकल्पात तिनं एका जुन्या कॅमेऱ्यातली इन्फ्रारेड अडवणारी काच काढून, पुढं साधा प्रकाश अडवणारी काळी काच बसवून, साध्या दिव्यांऐवजी नऊशे चाळीस नॅनोमीटरचे दिवे लावले होते. त्या प्रकाशाला कातडीचा सावळा रंग जवळजवळ अडवत नाही, काजळीचा कण मात्र अडवतो. मॅडमना तो कॅमेरा मराठवाड्यातल्या देवाला वाहिलेल्या बायकांच्या गोंदणांवर वापरायचा होता. फिकं झालेलं, सुरकुत्यांत हरवलेलं सगळं नोंदवायचं होतं. व्याख्यान संपल्यावर चहाचा कप हातात धरून त्या बराच वेळ बोलल्या. आपण यांना मुरळी म्हणतो आणि नाक मुरडतो, पण धर्माच्या व्यवस्थेत या पुरोहितच होत्या, असं त्यांचं म्हणणं होतं. मोनालीनं मान हलवली. आणि मग, का कोण जाणे, ती म्हणून गेली की माझ्या आत्याच्या गळ्यावर आहे तसं. म्हणजे होतं. मॅडमचा कप बशीवर टेकला. होतं म्हणजे? मोनालीनं सांगितलं की लेझरनं काढलं. कुणी, हे मॅडमनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

उस्मानपुऱ्यातल्या त्वचेच्या दवाखान्यात लेझरची मूठ तिच्याच हातात असते. डॉक्टर रुग्ण तपासतात, मात्रा ठरवतात, पुढचं ती करते. पोलीस भरतीला निघालेल्या पोरांच्या मनगटावरची नावं, लग्न ठरलेल्या मुलींच्या हातावरची इंग्रजी अक्षरं, कुणाच्या मानेवरचा विंचू. चट्‌ चट्‌ आवाज होतो, कातडीवर क्षणभर पांढरा फेस उठतो, काजळीच्या कणांचे तुकडे होतात, आणि ते तुकडे शरीर हळूहळू गिळून टाकतं. गिळतं म्हणजे कुठं नेतं, हे रुग्ण विचारत नाहीत. आत्यानं विचारलं होतं. मंग ते जातं कुठं बाई, म्हणाली होती. बरंचसं गाठींमध्ये जाऊन बसतं आत्या, काखेत, मानेत. काही तिथंच राहतं पण बारीक होतं, दिसत नाही. डोळ्यांवरच्या हिरव्या चष्म्यामागं आत्याला काय वाटलं ते दिसलं नव्हतं. मोनालीला तेव्हा वाटलं, म्हातारीला काय कळणार. आता रिक्षात बसून घरी येताना, निराला बाजारच्या सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या बाईच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके दिसले, आणि तो प्रश्न किती नेमका होता हे तिच्या लक्षात आलं. सगळ्या दवाखान्यात तो एकट्या आत्यानंच विचारला होता.

आत्याचं नाव मनकर्णाबाई. गाव वैजापूरकडचं. तिच्या आईची मुलं जगत नव्हती. मनकर्णा जगली, पुढची तीन गेली. तिच्यानंतरच्या चौथ्या खेपेला आईनं खंडोबाला नवस बोलला की पोरगा जगू दे, पोरगी तुला देते. पोरगा जगला. नावही त्याचं कडुबा ठेवलं, कडू म्हटलं की काळ तोंडात घालणार नाही म्हणून. तो कडुबा म्हणजे मोनालीचे पप्पा. आजोबांनी तोवर दीक्षा घेतलेली होती, घरातले देव कधीच विहिरीत गेले होते. पण आजोबा धरणाच्या कामावर पैठणला असताना आजीनं आठ वर्षांच्या मनकर्णेला भंडारा लावला, देवाशी लग्न लावलं आणि सात कवड्यांची माळ गळ्यात घातली. पोरगी माळ तोडून टाकील, ही भीती तिला पहिल्याच आठवड्यात खरी ठरताना दिसली. म्हणून तिनं गोंदणारीला गाठलं आणि गळ्याभोवती तशाच सात कवड्या गोंदून घेतल्या. असं कुणी करत नसे. गोंदणारीही आधी नको म्हणाली होती, लहान लेकराचा गळा हाय, सुई इकडंतिकडं व्हईल म्हणून. दोन बायांनी हात धरले, आईनं डोकं मांडीत दाबलं. डोकं मांडीत दाबलं होतं, हे आत्या नेहमी सांगायची, बाकीचं सांगायची नाही. मोनालीला आज पडद्यावरचं बिनडोक्याचं धड बघताना ती मांडी आठवली होती. ते कुठून आठवलं हे तिला समजलं नाही, आणि न समजलेली गोष्ट तिला आवडत नसे.

पप्पा मोठे झाले, शिकले, पाटबंधारे खात्यात लागले. पहिल्या पगारानंतर ते स्वतः गावी गेले आणि जागरणाच्या फडातून बहिणीला उठवून घेऊन आले. ही गोष्ट घरात पुष्कळदा सांगितली जाई, आणि ती खरोखरच मोठी होती. पैठणला नदीच्या काठावर उभं करून त्यांनी तिच्या गळ्यातली माळ कापली आणि गोदावरीत फेकली. माळ नदीत गेली, गळा घरी आला. मग पप्पांनी गळाबंद झंपर शिवून आणले, बारा महिने पदर लपेटून घ्यायला शिकवलं. कुणी विचारलं तर बहीण विधवा आहे असं सांगायचे. त्यात त्यांना खोटं काही वाटत नसे, देव नाहीच तर देवाची बायको विधवाच की. हा विनोद ते कधीमधी करत, आत्याच्या समोर. आत्याही हसायची. एकदा जयंतीच्या कार्यक्रमात बायकांनी आग्रह धरला, मनकर्णाबाईचा गळा गोड आहे म्हणतात, भीमगीत म्हणू द्या. ती उठलीही होती. पप्पांनी नजरेनं बसवलं. घरी आल्यावर म्हणाले, तुझ्या सुराला जागरणाची वळणं आहेत अक्का, दोन ओळीत ओळखतील लोक. त्यानंतर ती घरात कधी गुणगुणलीसुद्धा नाही. संघपालला, मोनालीच्या धाकट्या भावाला, तिनंच सांभाळलं. पण झोपवताना ती फक्त थोपटायची. न गाता कुणी मूल झोपवतं, याचं मोनालीला लहानपणी काही वाटलं नव्हतं.

आणि मग संघपालचं जमलं. मुलगी सिडकोतली, वडील मुख्याध्यापक, घर शिकलेलं. संघपाल जेवताना म्हणाला की ते लोक चळवळीतले आहेत, गळ्यावरच्या कवड्या बघून एका मिनिटात ओळखतील, आणि मग आपल्या पप्पांची भाषणं कुठं ठेवायची? पप्पा भाताकडं बघत राहिले. मोनालीनंच सुचवलं. तिला वाटलं, आपल्या हातात मशिन आहे, काजळीचं गोंदण आहे, काळा रंग सगळ्यात आधी निघतो. सगळ्यांचाच प्रश्न सुटेल. आत्याला विचारलं तेव्हा ती इतक्या पटकन हो म्हणाली की मोनालीला जरा वाईट वाटलं. भावाच्या धाकानं म्हणाली असेल, असं तिनं धरलं. दुपारी दवाखाना रिकामा असताना डॉक्टरांच्या परवानगीनं ती एकेका बैठकीत गळा उजळवत गेली. मधे कातडी भरून येण्यासाठी थांबावं लागे. आत्या एकदाही आई गं म्हणाली नाही. उलट, अजून जोरात मारता येतं का, असं विचारायची. आतपर्यंत जाऊ दे बाई, वरवर नको. मोनाली हसून म्हणायची, आत्या, भाजेल. भाजू दे, म्हणायची. शेवटी गळ्यावर जरा उजळ पट्टा राहिला, घामोळं येऊन गेल्यासारखा. पप्पांनी चष्मा वर करून बघितलं आणि झकास म्हणाले. साखरपुड्याच्या दिवशी मुलीकडची माणसं आली तेव्हा आत्या मागच्या खोलीत लसूण सोलत होती. तिला बाहेर या असं कुणी म्हटलं नाही. मोनालीनंही नाही. घाई होती, ताटं करायची होती. पाहुणे गेले, कुणी गळा बघितला नाही, कुणी आत्यालाच बघितलं नाही. संघपालनं रात्री सहज म्हटलं, बरं झालं, विषयच निघाला नाही.

हे सगळं तिच्या मनात नीट क्रमानं येत नव्हतं. लसणाचा वास, नदी, हिरवा चष्मा, मांडी. प्रयोगशाळेत तिला शिकवलं होतं की आधी निरीक्षण लिहायचं, मग अर्थ. पण निरीक्षणं एकमेकांत घुसत होती. मॅडम म्हणतात पुरोहित. भाऊ म्हणतो ओळखतील. पप्पा म्हणतात विधवा. त्या इजिप्तच्या बाईला आधी ठेवलेली म्हटलं, मग पुजारीण म्हटलं. तिला पहिल्या वेळी विचारलं नव्हतं, दुसऱ्या वेळीही विचारता येणार नव्हतं, कारण तोंड नव्हतंच. आत्याला तोंड होतं. मोनालीला एकदम आठवेना, आपण तिला कधी काय विचारलं होतं. जेवलीस का, गोळी घेतलीस का, दुखतंय का. दुखतंय का हे तर यादीतलंच वाक्य होतं, ते ती सगळ्या रुग्णांना विचारायची.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. पप्पा विहारात बैठकीला गेले होते, संघपाल होणाऱ्या सासुरवाडीला. मॅडमचा निरोप आला होता: लेझरनंतरही काही उरलं असेल तर इन्फ्रारेडमध्ये सापडू शकेल, अत्यंत मोलाचं ठरेल, आत्यांना माझा नमस्कार सांगा. मोनाली कॅमेरा घेऊन मागच्या खोलीत गेली. आत्या खिडकीपाशी बसून तांदूळ निवडत होती. मोनालीनं तिला व्याख्यानातलं सगळं सांगितलं. इजिप्तच्या बाईचं, गळ्यावरच्या डोळ्यांचं, देवीच्या सेवेचं. मॅडम म्हणतात तू पुजारीणच होतीस. आत्यानं ताटातला खडा काढून खिडकीबाहेर टाकला.

"पुजारी गाभाऱ्यात असतो का बाहेर?" तिनं विचारलं.

"गाभाऱ्यात."

"मंग मी कव्हाची पुजारीण? आपल्याला पायरीच्या खाली उभं करायचे. लग्न त्याच्याशी लावलं, पण नवऱ्याचं तोंड लांबून बघायचं. आन रातच्याला जागरण उठलं की ज्यांना पायरीवर जाता यायचं, ते सगळे पायरी उतरून खाली यायचे." ती तांदूळ निवडत राहिली. "तुह्या मॅडमला सांग, तिच्या त्या बाईला पायरी होती का ते बघ म्हणावं आधी."

विषय बदलायचा म्हणून मोनालीनं कॅमेरा दाखवला. डोळ्याला दिसत नाही ते याला दिसतं, असं ती नेहमीच्या सवयीनं म्हणाली. प्रात्यक्षिकाला आलेल्या शाळकरी मुलांना सांगायची तसं. आत्याचा हात ताटात थांबला. तिनं कॅमेऱ्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं, मग उठून दाराला कडी घातली, पदर सोडला, झंपराची वरची हुकं काढली आणि खुर्चीवर हनुवटी वर करून बसली. मोनालीनं तिला सांगितलं की बळजबरी नाही, मॅडमना नको म्हणून सांगता येईल.

"मॅडमचं सोड," आत्या म्हणाली. "मला बघायचंय. मही माय म्हणायची, सोनंनाणं हितंच राहतं, गोंदण तेवढं संगं येतं. तिकडं गेल्यावर गोंदणावरून वळखत्यात, कोण कुणाची ते." तिचा आवाज बारीक झाला, आणि त्यात एक वळण आलं, जे मोनालीनं कधी ऐकलं नव्हतं. "मला त्याच्याकडं जायचं नाय, मोने. इतकी वर्षं त्याच्या नावानं भोगलं, मेल्यावर आनखी त्याच्याच दारात उभं राहायचं? म्हणून तुह्या मशिनखाली बसले मी. कडुबासाठी नाय न् तुह्या भावाच्या सोयरिकीसाठी नाय. आपल्या डोळ्याला दिसंना झालं, पण त्याचे डोळे काय आपल्यासारखे असत्याल व्हय? बघ तू याच्यातून. काय उरलंय का, तेवढं सांग."

मोनालीनं दिवे लावले. त्या दिव्यांचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे खोलीत काहीच बदललं नाही. खिडकीतून ऊन येत होतं म्हणून तिनं पडदा ओढला. हे सगळं ती फार सावकाश करत होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी बाबासाहेबांची, पप्पांनी लावलेली. देव नाही हे या घरात पहिलं अक्षर शिकवण्याआधी शिकवलं जाई, आणि मोनालीला ते पटलेलं होतं, फक्त घरच्यांमुळे नव्हे, स्वतःच्या अभ्यासानं. मेल्यावर कुणी कुणाला ओळखत नाही. काजळीचे कण राखेत जातात. पण देव नाही म्हणणाऱ्या या घरात देवाला घाबरायलाही जागा नव्हती, आणि ही बाई इतकी वर्षं ती भीती पदराखाली एकटीच बाळगून होती, हे तिच्या तेव्हाच, पडद्याची कड हातात असताना लक्षात आलं. वाईट वाटण्याऐवजी तिला रागच आला. आजीचा, पप्पांचा, पायरी उतरणाऱ्यांचा, मॅडमच्या नमस्काराचा. आणि आत्याचाही, की एवढं शिकवूनही अजून. तो शेवटचा राग आल्याबरोबर तिनं खाली बघितलं.

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सुरकुत्या पुसल्या गेल्या होत्या. कातडी मेणासारखी सपाट, पांढुरकी दिसत होती. एका म्हाताऱ्या बाईचा गळा त्या प्रकाशात लहान मुलीच्या गळ्यासारखा दिसतो, हे भौतिकशास्त्रानं समजावता येतं. तिनं फोटो घेतला. तो पुसट आला म्हणून दुसरा घेतला. आत्या हनुवटी वर करून छताकडं बघत होती, गळ्यातली शीर उडत होती.

"काय हाय का गं?"

मोनालीनं कॅमेरा छातीशी धरला. तिच्या मनात आलं, मी खरं सांगितलं तर त्यात चुकीचं काय आहे. देव नाही, तर उरलेल्याला अर्थ नाही. अर्थ नाही, तर सांगायला हरकत नाही. हे पायरीपायरीनं बरोबर होतं. आणि सगळ्या पायऱ्या बरोबर असूनही शेवटचं वाक्य तोंडातून निघेना.

"काही नाही आत्या," ती म्हणाली. "कोरा आहे गळा."

आत्यानं हनुवटी खाली केली नाही. "तुह्या बापाची आन घे."

घरात आण घेण्याची बंदी होती, पप्पांनीच घातलेली. मोनालीनं घेतली. आत्यानं हुकं लावली, पदर गळ्याभोवती गुंडाळला. गळा कोरा आहे तर गुंडाळायची गरज काय, हे दोघींपैकी कुणी म्हटलं नाही. मग ती तांदळाच्या ताटाशी बसली आणि म्हणाली की भात आज मऊ करते, तुझ्या पप्पाची दाढ दुखतीय. थोड्या वेळानं ती खूप हलक्या आवाजात काहीतरी म्हणू लागली. मोनालीला शब्द कळले नाहीत. चाल सावकाश होती, दर ओळीच्या शेवटी आवाज खाली उतरून परत वर जायचा. बाहेर फाटक वाजलं, पप्पांची चप्पल ओळखू आली. गाणं थांबलं.

मॅडमचा फोन दुपारी दोनदा वाजून गेला. मोनालीनं आपल्या खोलीत दार लावून फोटो संगणकावर घेतले. मिटवून टाकावेत असं तिला वाटलं, आणि न मोजता मिटवता येईना. मॅडमना काय कळवायचं ते मोजल्यावर ठरवू, असं ती स्वतःला म्हणाली. दुसरा फोटो स्थिर होता, तो तिनं घेतला. कवडी होती त्या प्रत्येक जागेचा उजळपणा, शेजारच्या मोकळ्या कातडीचा उजळपणा, दोहोंतला फरक भागिले दोहोंची बेरीज. मोकळ्या कातडीतच जो चढउतार असतो तो आधी काढला, म्हणजे त्याहून लहान आकडा आला तर तो शून्य धरता येतो.

मोकळ्या कातडीतला चढउतार ०.०२. खुणा सात. सगळ्यात फिकी ०.१९, सगळ्यात गडद ०.३४.